गोरक्षनानांचं नाक

गोरक्षनानांच्या नाकाची काळजी काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. बाईने नवऱ्याची काळजी करावी, मुलाची करावी. गावच्या न्हाव्याच्या नाकापायी जागत बसलेली दुसरी बाई मी तरी पाहिलेली नाही. घरात सगळे झोपले आहेत. झोपण्याआधी हे म्हणाले, माणसाचं नाक आज जिथे आहे तिथेच उद्याही असेल, दिवा मालव. हे गुरांचे डॉक्टर आहेत. यांचे पेशंट फारसे काळजीत टाकत नाहीत.

पण आमच्या गावची तरणी पोरं दारूपासून लांब राहिली ती त्या एका नाकाच्या जोरावर, आणि त्या गावात मला सतरा वर्षांचा मुलगा आहे. एवढं सांगितलं तर माझी झोप का उडाली ते कोणत्याही आईला कळेल.

नेवाशाहून शेवगावला जाताना रस्त्याकडेला आमचा सरकारी गुरांचा दवाखाना लागतो. मागे आमचं घर, पुढे कडुनिंब, आणि निंबाखाली गोणपाट टाकून गोरक्षनाना बसतात. शेजारी हत्यारांची धोपटी, मांडीवर आरसा. पन्नाशीचा गडी, अंगाने किरकोळ, पण मिशी अशी की लांबून आधी मिशी येते आणि मग नाना येतात. मिशीच्या वर ते नाक. नानांना दोन्हींचा अभिमान, आणि तो लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्न केला नाही.

नाकाच्या गोष्टी ते स्वतःच सांगत. दाढी करता करता गिऱ्हाइकाला विचारायचे, काल सासुरवाडीला गेल्ता जनू? तो चकित. मग नाना सांगणार की तुमच्या घरचं तेल करडईचं, आज डोक्याला वास शेंगदाण्याचा हाय. कुणाच्या घरी मटण शिजलं आणि शेजाऱ्याला बोलावलं नाही, हे नानांमुळे गावाला कळायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. त्यांची बायको मनकर्णाबाई म्हणायच्या, ह्यांच्या नाकापायी मला एक दिवस सुखाने भाजी करपवता आली नाही.

या नाकाला सार्वजनिक काम मिळालं ते दुष्काळात. जिकडे तिकडे दुष्काळी कामं निघाली. आमच्याकडे पाझर तलावाचं काम होतं. पंधरा-सोळा वर्षांची पोरं शाळा सोडून खडी फोडायला जाऊ लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या खिशात स्वतःचे पैसे खुळखुळले. ते खुळखुळणं सगळ्यात आधी ऐकलं हातभट्टीवाल्यांनी. नदीच्या कोरड्या पात्रात, बाभळींच्या आड, त्यांनी बस्तान मांडलं. आमच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. भट्टीला मात्र पाणी कुठून मिळायचं ते देव जाणे. पोलीस आले की भट्टी नसायची, पोलीस गेले की असायची. शाळेत व्याख्यान झालं, त्यात दारूने यकृत कसं कुजतं याचं चित्र दाखवलं. पोरांनी ते चित्र फार आवडीने पाहिलं.

अशात एका बाजारच्या दिवशी रतनबाईंचा बन्सी नानांसमोर बसला. कोवळी मिशी कोरून घ्यायची होती. नानांनी वस्तरा ओठावर टेकवला आणि त्याच वेळी बन्सीने सुस्कारा सोडला. आयुष्यभर अत्तरापासून शेणापर्यंत सगळं ओळखणाऱ्या त्या नाकावर कुजका गूळ आणि नवसागर यांचा असा लोट आला की नानांचा हात सरकला. डावीकडची मिशी गेली. उजवीकडची राहिली.

आता उजवीही काढून टाका, असं पुण्याची माणसं म्हणतील. आमच्याकडे ते चालत नाही. पूर्ण मिशी उतरते ती बाप गेल्यावर. बाप जिवंत असताना जो मिशी उतरवेल त्याने बापाचं मरण मागितलं असं समजतात. बन्सीचे वडील तर दवाखान्यासमोरच बैल धरून उभे होते. नानांनी हात जोडून सांगितलं, बाबा, ही बाजू मला काढता येणार नाही. ती वाढेस्तोवर तू असाच फिर, आणि का फिरतोस ते कुणी विचारलं तर मी सांगीन. गावाने विचारलं. नानांनी सांगितलं. बन्सी तोंडाला रुमाल बांधून फिरला. त्यामुळे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही गेलं.

रतनबाई भांडायला येतील म्हणून नाना तयारीत होते. त्या आल्या त्या पदराखाली घट्ट दह्याचं गाडगं घेऊन. म्हणाल्या, त्याच्या बापाचा मार खाऊन जे झालं नाही ते तुमच्या वस्तऱ्याने झालं; पोरगं लाजेने घराबाहेर पडत नाही.

त्यातून मारुतीच्या देवळात बैठक भरली. सरपंच काकासाहेबांनी ठराव मांडला की लग्न न झालेल्या कोणत्याही पोराच्या तोंडाला नानांना वास आला तर त्याची अर्धी मिशी जावी. मिशी फुटली नसेल तर अर्धी डोई. कारण पूर्ण डोई उतरवण्याचाही अर्थ तोच. कुणीतरी मागून विचारलं की लग्न झालेल्यांचं काय. नाना म्हणाले, “त्यांची बिनपान्याची रोज घरीच होती.” हसण्याचा गलका ओसरल्यावर बौद्धवस्तीतले श्रीमंतराव उठले. तलावाच्या कामावर ते मुकादम होते, कमी बोलायचे.

“नाना, आमच्या पोरांची डोई तुमी करत न्हाई,” ते म्हणाले. “ती जात्यात नेवाशाला. मग त्यांचा वास कोन घेनार? का आमच्या पोरांनी पेली तर गावाला चालतंय?”

काकासाहेब आढ्याकडे पाहू लागले. नानांनी वाडवडिलांची रीत असं काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. तेवढ्यात त्यांचे वडील, रंगनाथबाबा, खांबाला टेकून डुलक्या घेत होते ते डोळे न उघडताच बोलले, “वाडवडील मीच हाय. पोराच्या तोंडाला वास येतो, त्यात जात कुठं येती रं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी निंबाखाली पहिले बसले ते श्रीमंतराव. मी खिडकीतून पाहत होते. नानांनी वस्तरा दोनदा परजला, आणि दाढी सुरेख झाली. काही घरांनी रागाने नानांकडे येणं बंद केलं. मग उन्हाळा वाढला, दाढ्या वाढल्या, खाज सुटली, आणि एकेक जण इकडेतिकडे बघत परत गोणपाटावर येऊन बसला.

ठराव मात्र विलक्षण चालला. जो पोरगा नानांकडे यायचं टाळी त्याच्याबद्दल आधीच कुजबुज होई, म्हणून सगळे वेळच्या वेळी येत. अर्धी मिशी गावात दिसली की म्हाताऱ्या हसत, मुली हसत, बैल वळून बघत असंही पोरांना वाटे. सहादूच्या धाकट्या मुलाने एकदा ते सहन न होऊन घरच्या ब्लेडने उरलेली बाजूही काढली. दारात त्याची आत्या, भागूबाई, उभी होती. भाच्याचा सफाचट ओठ पाहिला आणि तिने भावाच्या नावाने असा हंबरडा फोडला की सगळी आळी गोळा झाली. कुणी लाकडांची चौकशी करू लागलं. सहादू मळ्यातून आला, गर्दी पाहून घाबरला, आणि मागच्या माणसाला विचारू लागला कोण गेलं. त्या माणसाने मान न वळवता सांगितलं, सहादू गेला. सहादू मटकन खाली बसला. पुढे कितीतरी दिवस लोक त्याला भेटल्यावर आधी हात लावून बघायचे. त्यानंतर घरच्या ब्लेडला कुणी हात लावला नाही.

माझा विदू, म्हणजे विद्याधर, नगरला कॉलेजात आहे; तो सुट्टीत आला की नानांसमोर बसायचा. मी खिडकीतून श्वास रोखून बघायची. मिशी दोन्ही बाजूंनी शाबूत घेऊन तो उठला की मी देवापुढे साखर ठेवायची. बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या बाईचा मुलाच्या बाबतीतला सगळा आधार एका नाकावर होता. पण आधार होता.

आणि मग आठवड्यापूर्वी छगनचं प्रकरण झालं.

छगन हा श्रीमंतरावांचा मुलगा, एस.एस.सी. झालेला, गुणी. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी शेवगावचे पाहुणे येणार होते. मुलीकडच्यांनी मुलगा पाहून मग बोलणी करायची असं ठरलं होतं. म्हणून तो मिशी नीट करून घ्यायला आला. नाना त्याच्याकडे रोखून पाहत राहिले आणि एकदम सर्रकन अर्धी मिशी उतरवली. छगन ओरडला की मी थेंबभरही प्यायलो नाही. नाना म्हणाले, समदेच असं म्हनत्यात. श्रीमंतराव आले, त्यांनी मुलाचं तोंड स्वतः हुंगलं, आणि नानांना एवढंच म्हणाले की तुमचा वस्तरा कधीतरी आमच्यावर असा घसरणार हे मला ठाऊक होतं. मुलाला घेऊन गेले. जाताना मागे पाहिलं नाही.

त्याच दुपारी आमच्या कंपाउंडरच्या हातून फिनेलची मोठी बाटली निंबाखाली फुटली. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत डोळे चुरचुरले. दाढीला बसलेला माणूस अर्ध्या साबणासह पळाला. दवाखान्यातली म्हैस दावं तोडू पाहू लागली. फक्त गोरक्षनाना तिथेच बसून वस्तरा परजत होते आणि सगळे का पळताहेत म्हणून चौफेर बघत होते.

मी त्यांना चहाला बोलावलं. दूध मुद्दाम करपवलं होतं, इतकं की वासाने कप तोंडाजवळ धरवेना. नानांनी बशीत ओतून फुर्रकन प्यायला आणि म्हणाले, “लई फर्मास, बाई.”

“नाना,” मी म्हटलं, “तुम्हाला वास कधीपासून येत नाही?”

त्यांनी बशी खाली ठेवली. मग सांगितलं, दिवाळीपासून. सर्दी झाली ती गेलीच नाही, आणि सोबत सगळे वास गेले. पहिल्यांदा कळलं ते मनकर्णाबाईंना, पण उलट्या बाजूने. करपलेली आमटीही नवरा मुकाट्याने जेवू लागला, तेव्हा तिला वाटलं माणूस सुधारला. तिने शेजारणीला सांगून साखर वाटली. तो आनंद तिच्याकडून काढून घ्यायला नानांचं मन होईना.

मग इतके दिवस पोरं पकडली कशी, मी विचारलं. इथे त्यांची मान जराशी वर झाली. म्हणाले, “वासाला नाक लागतं, बाई. भ्यालेल्याला वळखायला काय लागतंय? जो पेलेला असतो तो माझ्यासमोर दम धरतो. दम धरला की म्या त्याला धरला.”

छगननेही दम धरला होता. मिरचीच्या ठेच्याने त्याला उचकी लागली होती, आणि वस्तरा ओठावर असताना उचकी येऊ नये म्हणून त्याने श्वास कोंडला होता. हे त्याने आमच्या कंपाउंडरला रडत रडत सांगितलं होतं. मी ते नानांना सांगितलं.

नानांचा चेहरा पाहवेना. ते म्हणत राहिले की हे गावाला कळलं तर पोरांचा धाक जाईल, भट्टीवाले पेढे वाटतील. न कळलं तर पोराचं लग्न जाईल, आणि श्रीमंतराव पुन्हा कधी त्या गोणपाटावर बसणार नाहीत. मला दोन्हीकडून भीती वाटत होती, आणि भीतीत मी दिलेला सल्ला आजवर कुणाच्या उपयोगी पडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना धोपटी घेऊन दारात उभे. म्हणाले, साक्षीला चला, बाई, फिनेलचं तुमी बघितलंय.

श्रीमंतरावांच्या ओसरीवर पाहुणे बसले होते. छगन दातदुखीचं निमित्त करून गालापासून नाकापर्यंत उपरणं गुंडाळून बसला होता, आणि मुलीचा मामा त्याच्याकडे संशयाने बघत होता. नाना सरळ मध्ये जाऊन बसले. आरसा मांडीवर ठेवला, ओठाला पाणी लावलं, आणि कुणाला काही कळायच्या आत आपल्या त्या प्रसिद्ध मिशीची डावी बाजू उतरवली. अर्धा गाव त्या मिशीला पाहत लहानाचा मोठा झाला होता. श्रीमंतरावांच्या पत्नी गीताबाई पोह्यांचं ताट घेऊन येत होत्या त्या तशाच उंबऱ्यात थांबल्या.

“समदी काढली असती,” नाना म्हणाले, “पन आमचा म्हातारा अजून हाय. श्रीमंतराव, माझं नाक मेलंय. पोरगं तुमचं निर्मळ हाय. चूक माझी.”

मग छगनचं उपरणं काढलं गेलं आणि सगळी हकिगत सांगावी लागली: भट्टी, ठराव, उचकी, फिनेल. मी साक्ष दिली. मुलीचा बाप आधी गंभीरपणे ऐकत होता. सहादूचं मरण आलं तिथे त्याला हसू आवरेना, आणि शेवटी डोळे पुसत त्याने सांगितलं की ज्या गावचा न्हावी चुकला तर स्वतःची मिशी देतो त्या गावात मुलगी द्यायला त्याची हरकत नाही. श्रीमंतराव हसले नाहीत. त्यांनी नानांच्या हातात पोह्यांची बशी दिली आणि म्हणाले, “खा. चव तरी कळती का?”

“तुमच्या हातचं हाय म्हनून कळंल,” नाना म्हणाले.

इथवर सगळं गोड. पण आता साऱ्या गावाला माहीत आहे की नाक मेलं आहे. नाना अर्ध्या मिशीने निंबाखाली बसतात, आणि पोरं त्यांच्यासमोर बसून बिनदिक्कत मोठमोठे श्वास सोडतात. काल बाजारच्या दिवशी बन्सी गाणं म्हणत घरी गेला. रतनबाई आज दुपारी येऊन रडून गेल्या. बाभळींच्या आड पुन्हा धूर दिसतो. काकासाहेब म्हणतात दुसरं नाक शोधू. पण असं नाक, आणि आपल्या चुकीची मिशी देणारा माणूस, एका गावात दोनदा जन्मत नसतो.

यांनी बॅटरी घेऊन नानांच्या नाकात पाहिलं. म्हणाले, आत मांस वाढलंय; बैल असता तर मीच काढलं असतं. माझे दादा पुण्याला कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. असल्या नाकांची ऑपरेशनं ते करतात आणि वासही पुष्कळदा परत येतो, हे त्यांनीच मला मागे सांगितलं होतं. अडचण नानांची आहे. सगळ्या गावाच्या गळ्याला रोज वस्तरा लावणारा हा माणूस स्वतःच्या नाकात हत्यार जाणार म्हटल्यावर पांढरा पडला. मनकर्णाबाईंनी त्यांना खूप समजावलं, पण त्यांचं स्वतःचं मन त्यात नव्हतं. आमटीचं स्वातंत्र्य जाणार होतं. शेवटी आज संध्याकाळी नाना मला म्हणाले, तुमी म्हनाल तसं. मग उठता उठता, तुमच्या भावाला म्हनावं, वस्तरा नीट परजून घ्या.

म्हणजे ठरवायचं मी. आणि तेव्हापासून मला रक्त दिसतं आहे. टेबलावर काही झालं तर? वास परत आलाच नाही तर? रंगनाथबाबांना या वयात मुलाचं काही बघावं लागलं तर? मी मनाशी जवळजवळ ठरवलं होतं की राहू द्यावं. देवाने दिलं, देवाने नेलं.

पण रात्री जेवताना सुट्टीत घरी आलेला विदू बोलला. हा मुलगा एरवी ताटात काय आहे हे ताट संपल्यावर विचारतो. आज भाकरीचा तुकडा हातात ठेवून त्याने अतिशय मऊ आवाजात मला सांगितलं, “आई, कशाला त्या गरीब माणसाला ऑपरेशनच्या भानगडीत टाकतेस? या वयात झेपणार नाही त्यांना. आहे तसं बरं आहे.”

ते ऐकून हे म्हणाले, पोरगा किती समजूतदार झाला. मी विदूकडे पाहिलं. त्याच्या ओठावर मिशी चांगली दाट झाली आहे. मी पाहत राहिले आणि त्याने दम धरला.

पोस्ट उघडलं की मी पुण्याला ट्रंक कॉल लावणार आहे. आमच्या पोस्टातल्या फोनवर घसा फाडून बोलावं लागतं आणि बोललेलं मारुतीच्या देवळापर्यंत ऐकू जातं. ऐकू जाऊ दे. विदूलाही सोबत नेईन म्हणते; दादांना काय सांगते ते त्याने जवळ उभं राहून ऐकावं.